इंग्रजीचा तास स्टुडिओत भरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनेक विद्यापीठांत ललित कला शाखेच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी हा सक्तीचा विषय असतो. तो कसा शिकवला जातो याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. चित्र-शिल्पाच्या शिक्षकांना तो आपला विषय वाटत नाही आणि इंग्रजी विभागाला ही मुले आपली वाटत नाहीत. मी आधी वाणिज्य शाखेला इंग्रजी शिकवत होते. पुढे ललित कलेचे तास माझ्याकडे आले आणि मी तिथेच रमले. इतक्या वर्षांत मनात जे साचले आहे ते वाचकांपुढे, विशेषतः अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींपुढे मांडावे म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे असे, की या मुलांचा इंग्रजीचा तास स्टुडिओत भरला पाहिजे. त्यांच्या हातात जे काम चालू आहे त्यावरूनच भाषा शिकवली पाहिजे आणि परीक्षाही त्याच कामावर घेतली पाहिजे. आज सर्रास दिसते ते असे, की सगळ्या शाखांना मिळून एकच पुस्तक लावलेले असते. एक उतारा, त्याखाली प्रश्न, बँकेच्या व्यवस्थापकाला पत्र आणि शेवटी ‘प्रयोग बदला’. मुले घोकतात, पास होतात, विसरून जातात. तिसऱ्या वर्षाची जी मुलगी पुरुषभर उंचीचे शिल्प एकटी उभे करते, तिला त्या शिल्पाशेजारी लावायच्या पाटीवरचे दोन ओळींचे इंग्रजी लिहिता येत नाही. तिच्या बुद्धीत काही खोट नाही. त्या दोन ओळी तिला कुणी कधी शिकवलेल्याच नसतात.

पाटीचेच घ्या. कलाकाराचे नाव, कलाकृतीचे शीर्षक, वर्ष, माध्यम, मग मापे. दिसायला साधी, पण तिच्यात व्याकरणाचा अख्खा धडा आहे. तैलरंगातले चित्र ‘ऑइल ऑन कॅन्व्हस’ असते, कोळशाचे रेखाटन ‘चारकोल ऑन पेपर’ असते, ब्राँझचे शिल्प मात्र नुसते ‘ब्राँझ’. हे ‘ऑन’ कधी येते आणि कधी येत नाही, ते मुलांना सांगावे लागत नाही. आपलीच चार कामे पुढ्यात घेऊन बसली की त्यांचे त्यांना उमगते. रिकाम्या जागा भरायला लावून वर्षभरात जे होत नाही ते इथे एका तासात होते. मापांतही एक खाच आहे. संग्रहालयांत आणि कलादालनांत बहुधा आधी उंची लिहितात, मग रुंदी, आणि शिल्प असेल तर शेवटी खोली. उपयोजित कलेची मुले दिवसभर संगणकाच्या पडद्यावर काम करतात, तिथे रुंदी आधी येते. त्यांनी सवयीने तसेच लिहून पाठवले तर आडवे चित्र कागदावर उभे होऊन बसते आणि भिंतीवर त्याच्यासाठी राखलेली जागा चुकते.

पण पाटी ही काम पूर्ण झाल्यानंतरची गोष्ट. माझ्या मते पहिल्या वर्षाचा पहिला धडा बाटलीवरच्या लेबलाचा हवा. मुद्राचित्रणाच्या, म्हणजे ठसे घेऊन चित्रे छापण्याच्या स्टुडिओत नायट्रिक ॲसिड असते, फेरिक क्लोराइड असते. रंगचित्रणाच्या खोलीत टर्पेंटाइन असते, कॅडमियमचे रंग असतात. यांच्याबरोबर येणारी सगळी माहिती इंग्रजीत असते आणि मुले ती वाचत नाहीत, कारण हे आपण वाचू शकतो असा विश्वासच त्यांना कुणी दिलेला नसतो. लेबलावर ‘वॉर्निंग’ असते किंवा ‘डेंजर’ असते आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ धोका अधिक गंभीर असा ठरलेला आहे. एच३१४ असा आकडा दिसला की त्वचा गंभीर भाजू शकते आणि डोळ्यांना इजा होऊ शकते हे कळले पाहिजे. रसायनाबरोबर जे सुरक्षा माहितीपत्रक मिळते, त्याचे आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे १६ विभाग असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. चौथा विभाग प्रथमोपचाराचा, आठवा हातमोजे, चष्मा आणि हवेशीर जागेचा. मी मुलांना घड्याळ लावून एका मिनिटात चौथा विभाग शोधायला लावते. मग विचारते, डोळ्यात उडाले तर काय करायचे? उत्तर त्यांनी त्यातूनच वाचून दाखवायचे. ज्याला आम्ही इंग्रजीचे शिक्षक आकलन म्हणतो ते यापेक्षा वेगळे काय असते?

आणि त्यातले एक वाक्य तर मी फळ्यावर लिहून ठेवते: ‘ॲड ॲसिड टू वॉटर.’ त्या ‘टू’च्या अलीकडे काय आणि पलीकडे काय यावर हात वाचणे किंवा भाजणे अवलंबून आहे. पाण्यात ॲसिड हळूहळू सोडायचे. ॲसिडमध्ये पाणी ओतले तर उष्णतेने ते उसळून अंगावर येते. वाक्यातला शब्दक्रम का महत्त्वाचा, हे त्या दिवसानंतर मला कुणाला पटवावे लागत नाही.

रंगाच्या ट्यूबवरही असेच भरपूर वाचायला असते. पीबी२९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीडब्ल्यू६ म्हणजे टायटेनियम व्हाइट. कंपनी कोणतीही असो, रंगद्रव्याचा हा संकेत बदलत नाही. रंगाच्या नावापुढे ‘ह्यू’ छापलेले असेल तर सहसा आत मूळ रंगद्रव्य नसते, दुसऱ्या कशाने तरी ती छटा साधलेली असते. शेजारी उजेडात रंग किती टिकेल याची श्रेणी दिलेली असते. हे वाचता येणारा चित्रकार दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहत नाही.

आता व्याकरणातल्या कर्तरी-कर्मणी प्रयोगाकडे वळते, कारण तिथे मला स्टुडिओने सर्वांत मोठी मदत केली. एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा कोरून त्यांचा ठसा कागदावर घेण्याची कृती घ्या. तांब्याच्या पत्र्याच्या कडा घासतात, पत्रा तेलकटपणा जाईपर्यंत स्वच्छ करतात, त्यावर ॲसिडला दाद न देणारा थर चढवतात. सुईने त्या थरावर रेखाटतात, म्हणजे रेघेपुरते तांबे उघडे पडते. मग पत्रा ॲसिडमध्ये सोडतात. उघड्या रेघा खाल्ल्या जातात. पत्रा धुतात, थर काढतात, रेघांत शाई भरतात, वरची शाई पुसतात, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढतात. स्टुडिओतले सहकारी शिक्षक हे सगळे हाताने करून दाखवत असतात आणि मी शेजारी उभी राहून प्रत्येक पायरीला एक इंग्रजी क्रियापद फळ्यावर टाकत जाते. हे लिहून काढा म्हटले, की मुले पहिल्यांदा प्रत्येक वाक्य ‘आय’ने सुरू करतात. मी पत्रा घासला, मी थर लावला, मी पुसले. मी विचारते, हे वाचून दुसऱ्या कुणाला एचिंग करायचे असेल तर त्याला तू कशाला हवीस? त्याला पत्रा हवा. मग मुले स्वतःहून पत्र्याला वाक्याच्या सुरुवातीला आणून बसवतात. ‘द प्लेट इज कोटेड.’ ‘द प्लेट इज वाइप्ड.’ कर्मणी प्रयोग तयार होतो आणि तो का तयार झाला हेही कळते.

यातून माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि तिच्यावर पुढे मी पुष्कळ काम केले. मुलांचे नेमके उलटे होत असते. कृती लिहिताना, जिथे ‘मी’ची गरज नाही तिथे प्रत्येक ओळीत ‘मी’ असतो. आणि स्वतःच्या कामाविषयीचे निवेदन, ज्याला सगळे आर्टिस्ट स्टेटमेंट म्हणतात, ते लिहायला बसले की ‘मी’ पार नाहीसा होतो. तिथे काय काय अवतरते! अवकाश, अस्मिता, द्वैत, स्मृतींचा शोध. कुणाचे काम, कशाचे, किती मोठे, हाताने केले की साच्यातून काढले, काही म्हणता काही समजत नाही.

याचा दोष मी मुलांना देत नाही. ती जे वाचतात तसेच लिहितात. २०१२ साली ॲलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी ई-फ्लक्स या सेवेने वर्षानुवर्षे ई-मेलने पाठवलेली प्रदर्शनांची निवेदने एकत्र करून त्यांची भाषा तपासली आणि तिला ‘इंटरनॅशनल आर्ट इंग्लिश’ असे नाव दिले. साध्या विशेषणांची जड नामे करण्याची खोड त्यांनी त्यात दाखवली. ‘व्हिज्युअल’ची ‘व्हिज्युअलिटी’, ‘पोटेन्शियल’ची ‘पोटेन्शियॅलिटी’. जगभरची कलादालने अशी भाषा वापरत असतील तर नवख्या विद्यार्थ्याला तीच प्रतिष्ठेची वाटणार. आता तर संगणकाला दोन शब्द सांगितले की तो असले निवेदन क्षणात लिहून देतो. अडचण होते ती मुलाखतीत. समोरचा परीक्षक त्यातल्याच एका वाक्यावर बोट ठेवून ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारतो आणि मुलाचे अवसान गळते.

तारेचे काम करणारा एक विद्यार्थी असेच एक निवेदन घेऊन आला होता. व्याकरणाची एकही चूक नव्हती आणि त्याचा त्यात मागमूस नव्हता. मी कागद बाजूला ठेवला आणि त्याला त्याच्या शिल्पापाशी घेऊन गेले. म्हटले, मला मातृभाषेतच सांग, सुरुवात कुठून केलीस? तो सांगू लागला. टाकून दिलेल्या केबलींमधून तार सोलून काढतो. सोलताना ती जशी वळते तशीच राहू देतो, सरळ करत नाही. सांधे झाळत नाही, गाठ मारतो, कारण गाठ सोडवता येते. पुढचे शिल्प करताना आधीचे सोडवतो, त्यामुळे जुने शिल्प उरत नाही, फक्त फोटो उरतात. हे सगळे त्याने फोनवर ध्वनिमुद्रित केले होते. आम्ही ते ऐकत ऐकत वाक्यामागून वाक्य इंग्रजीत आणले. सगळी वाक्ये लहान, सगळी ‘आय’ची, सगळी साध्या वर्तमानकाळातली. ‘आय डोन्ट सोल्डर. आय टाय नॉट्स.’ यासाठी लागणारे इंग्रजी त्याला आठवी-नववीतच येत होते. न येणारी क्रियापदे तेवढी मी दिली: सोलणे, झाळणे, उसवणे. अस्मिता आणि अवकाश हे शब्द त्यात कुठेही आले नाहीत आणि वाचणाऱ्याला दोन्ही जाणवत होते.

मातृभाषेत आधी बोलू द्यावे, मग इंग्रजीकडे जावे, असे मी म्हणते तेव्हा काही सहकाऱ्यांना ते शिस्तीला सोडून वाटते. पण या मुलांचा विचार हातातून आणि डोळ्यांतून चालतो आणि त्याला पहिले शब्द घरच्या भाषेचेच फुटतात. तिथेच तो तुटला तर इंग्रजीत आणायला काही उरतच नाही.

विशिष्ट कामासाठी इंग्रजी शिकवण्याचे हे शास्त्र काही आजचे नव्हे. १९६० च्या दशकापासून त्यावर काम चालू आहे. टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांनी १९८७ मध्ये सांगून ठेवले, की आधी तीन गोष्टी शोधा: त्या कामाला कोणती भाषा लागते, शिकणाऱ्याकडे त्यातले काय कमी आहे, आणि त्याला स्वतःला काय हवे आहे. वैद्यक, कायदा, व्यापार, अभियांत्रिकी, विमानवाहतूक या सर्वांसाठी असे अभ्यासक्रम उभे राहिले. चित्रकार-शिल्पकारांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे अशा गटांची, जी यादी केली, ती अनेक शाखांत आजही वापरतात आणि ती उपयोगाची आहेच. पण ज्या लेखनावरून ती काढली त्यातल्या ‘आर्ट्स’ या भागात इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, राज्यशास्त्र असे विषय होते. चित्रकला नव्हती, शिल्पकला नव्हती. कला शाखेसाठी म्हणून ती यादी जशीच्या तशी ललित कलेच्या मुलांपुढे ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

चित्राकडे पाहून बोलायचे कसे, हा आणखी एक मोठा भाग. मुलांच्या तोंडी ‘नाइस’ आणि ‘ब्यूटिफुल’ यापलीकडे शब्द येत नाहीत, कारण आपण त्यांना मत विचारतो आणि पुराव्याचे विचारतच नाही. ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत तीन प्रश्न असतात. या चित्रात काय चालले आहे? असे म्हणायला तुला त्यात काय दिसले? आणखी काय सापडते? माझा भर मधल्या प्रश्नावर असतो. त्याचे उत्तर द्यायचे तर बोट चित्रावर ठेवावे लागते, ‘बिकॉज’ वापरावे लागते, डावीकडे, मागे, खालच्या कोपऱ्यात असे स्थान सांगावे लागते. खात्री नसेल तिथे ‘सीम्स’ आणि ‘सजेस्ट्स’ यावे लागते. क्रिटिकच्या, म्हणजे मुलांच्या कामावर सर्वांसमोर होणाऱ्या चर्चेच्या वेळी बाहेरून आलेल्या चित्रकारापुढे ज्या मुलांच्या तोंडाला कुलूप लागायचे, ती या सरावानंतर निदान चार वाक्ये धडपणे बोलतात.

वर्णनासाठी मी कायम एकच नमुना वापरते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने ऑक्टोबर १८८८ मध्ये आर्लहून भावाला, थिओला पत्र लिहून आपल्या शयनगृहाच्या चित्राविषयी सांगितले. मूळ पत्र फ्रेंचमध्ये आहे. इंग्रजी अनुवाद ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने इतर सर्व पत्रांसह इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. भिंती फिक्या जांभळ्या, जमीन लाल फरशांची, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्याच्या पिवळ्या, पांघरूण शेंदरी लाल, खिडकी हिरवी. वस्तू आणि तिचा रंग, वस्तू आणि तिचा रंग, एवढाच त्याचा ढाचा. इतका मोठा चित्रकार इतके साधे लिहितो हे पाहून मुलांचा धीर वाढतो. मग ती आपापल्या चित्राविषयी तशीच आठ-दहा वाक्ये लिहितात आणि ती वाक्ये बहुधा बरोबर असतात.

माझ्या या म्हणण्याला दोन्हीकडून विरोध होतो. इंग्रजीचे काही सहकारी म्हणतात, कविता आणि कथा काढून तुम्ही मुलांना कारागिरीची भाषा देताय. मला कविता काढायची नाही. चित्रे पाहून लिहिलेल्या कविता मी या मुलांना आवर्जून वाचून दाखवते. पण ज्याला ॲसिडचे लेबल वाचता येत नाही त्याला आधी ते वाचता यावे, हा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही. चित्रकार मंडळी म्हणतात, चित्र स्वतः बोलते, चित्रकाराने कशाला बोलायचे? चित्रापुरते ते मला मान्य आहे. मात्र कलादालनाशी होणारा करार चित्र वाचत नाही, तो चित्रकारालाच वाचावा लागतो. चित्र विक्रीसाठी ठेवले असताना खराब झाले तर भरपाई कोण देणार, कलादालनाचा वाटा किती, न विकलेले काम कोणी आणि कधी परत पाठवायचे, हे सगळे त्या बारीक अक्षरांत असते. बहुतेक देशांत चित्र विकले म्हणून त्याचा कॉपीराइट आपोआप विकला जात नाही, तो लिहून द्यावा लागतो. अशी लिहून देणारी ओळ करारात दडलेली असेल आणि ती न वाचता सही झाली तर आपल्याच चित्राचे कॅलेंडर छापायला कलाकाराला दुसऱ्याची परवानगी मागावी लागते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशी सही केली आहे. म्हणून शेवटच्या वर्षाला मी कराराचा मसुदा शिकवते आणि तो अभ्यासक्रमात नसतानाही शिकवते.

हे सगळे एकट्या इंग्रजीच्या शिक्षकाने करण्यासारखे नाही. माझ्याजवळ स्टुडिओतले सहकारी उभे असतात म्हणून ते जमते. पत्रा किती वेळ ॲसिडमध्ये ठेवायचा हे ते सांगतात, ते वाक्यात कसे बसवायचे हे मी सांगते. आज आम्ही दोघे आपापल्या सवडीने हा तास घेतो आणि वेळापत्रकात दोघांपैकी एकाचाच धरला जातो. तो दोघांचाही धरला गेला तर हे चांगुलपणावर चालणार नाही, रीतसर चालेल.

परीक्षेचा प्रश्न सर्वांत नेटाने सोडवावा लागेल, कारण मुले शेवटी परीक्षेपुरतेच शिकतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. तीन तासांच्या लेखी पेपराऐवजी वर्षभरात तयार झालेल्या कागदांची फाइल तपासावी. त्यात स्वतःच्या पाच कामांच्या पाट्या असाव्यात, एका तंत्राची कृती, दुसऱ्याच्या चित्राचे वर्णन, स्वतःचे निवेदन आणि एक खराखुरा अर्ज असावा. मग दहा मिनिटे तोंडी परीक्षा, विद्यार्थ्याच्या कामासमोर उभे राहून. तोंडी परीक्षेमुळे उसनी निवेदने आपसूक बाद होतील. गुणदानात एकवाक्यता राहणार नाही अशी शंका मला अनेकदा ऐकवली जाते. चित्र आणि शिल्प यांना आपण इतकी वर्षे गुण देतोच आहोत, तेही दोन-तीन परीक्षक मिळून. तीच रीत इथे लावता येईल.

अभ्यास मंडळाच्या सदस्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी या विषयाचा अभ्यासक्रम बदलायला बसाल तेव्हा त्याआधी एक पूर्ण दिवस स्टुडिओत घालवा. विद्यार्थ्यांच्या हाताखालून जाणारा प्रत्येक इंग्रजी कागद गोळा करा. लेबले, ट्यूब, माहितीपत्रके, स्पर्धांचे नियम, कलाकारांना काही काळ राहून काम करू देणाऱ्या रेसिडेन्सीचे अर्ज, कॅटलॉग, करार, काहीही सोडू नका. त्या गठ्ठ्यावरून अभ्यासक्रम लिहायला घ्या. गठ्ठा बांधायला मी आणि माझे सहकारी केव्हाही येऊ.

आपली विश्वासू,
ललित कला शाखेत इंग्रजी शिकवणारी एक प्राध्यापिका